पॉइंट काढा, सेन्सर बसवा: जुन्या लॉन ट्रॅक्टरच्या इग्निशन किटचं परीक्षण

जुन्या लॉन ट्रॅक्टरच्या १२ व्होल्ट इंजिनात पॉइंट (कॉइलचा करंट तोडून स्पार्क पाडणारे उघडझाप करणारे संपर्क) आणि कंडेन्सरच्या जागी बसणारी सेन्सरवाली इग्निशन किट मुंबईत घ्यावी का? घ्यावी, पैसे वसूल होतात. मात्र डब्यातून निघतं तेवढंच जोडून मोकळे झालात, तर पहिल्याच पावसाळ्यात इंजिन मिसिंग करेल आणि खापर किटच्या डोक्यावर फुटेल. म्हणून इथे किटच्या गुणदोषांइतकीच तिच्या बसवणीचीही तपासणी केली आहे.

आधी हे कोणत्या इंजिनासाठी ते पाहू. जिमखान्याची मैदानं, गोल्फ कोर्स, कारखान्यांच्या जुन्या वसाहती अशा ठिकाणी बाहेरून आणलेले जुने लॉन ट्रॅक्टर अजून गवत कापत असतात. त्यात कोहलरचं के-सिरीज इंजिन सापडलं तर ते टाकून देऊ नये. के२४१, के३०१, के३२१ आणि के३४१ ही अनुक्रमे १०, १२, १४ आणि १६ हॉर्सपॉवरची एका सिलिंडरची इंजिनं. ब्लॉक ओतीव लोखंडाचा, त्यामुळे बोअर मारून पुन्हा उभं करता येतं. ब्लॉकच्या बाजूला एका छोट्या झाकणाखाली पॉइंट असतात आणि कॅमशाफ्टवरून येणारा बोटभर पुशरॉड ते उघडतो. पॉइंटचा गॅप २० थाऊ, म्हणजे ०.५ मिमी. प्लगचा गॅप ३५ थाऊ, म्हणजे ०.९ मिमी. स्पार्क टीडीसीच्या, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर पोचतो त्या जागेच्या, २० अंश आधी पडला पाहिजे आणि त्यासाठी फ्लायव्हीलवर इंग्रजी ‘एस’ची खूण असते, ‘टी’ची खूण म्हणजे टीडीसी. कॉइल बाहेरच्या बाजूला, जुन्या मोटारींना असायची तशी गोल डब्याची.

तुमच्या इंजिनाला अशी बाहेरची कॉइल नसेल आणि फ्लायव्हीलच्या चुंबकाला लागून पत्र्याच्या थरांचा गाभा असलेली कॉइल असेल, तर ते मॅग्नेटो, बॅटरीशिवाय त्या चुंबकावरच स्पार्क पाडणारं. त्याची किट वेगळी आणि काम बरंच सोपं. तो भाग शेवटी आहे.

पॉइंट मुंबईत इतका त्रास का देतात, हे समजल्याशिवाय किट निवडता येत नाही. पॉइंट बंद असताना कॉइलचा सगळा करंट त्यांच्यातून जातो. ३ ओहमची कॉइल आणि १२ व्होल्ट म्हणजे ४ अँपिअर. उघडताना ठिणगी पडते, ती कंडेन्सर गिळतो. कंडेन्सर कमजोर झाला की पॉइंट जळतात, एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा तयार होतो. हे सगळीकडेच होतं. आपल्याकडे त्यात खाऱ्या, दमट हवेची भर पडते. टंगस्टनच्या तोंडावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि आठ-दहा दिवस उभं राहिलेलं इंजिन सेल्फ मारून मारून बॅटरी उतरेपर्यंत पेट घेत नाही. जून ते सप्टेंबर गवत सगळ्यात जोरात वाढतं, म्हणजे यंत्राची गरज नेमकी तेव्हाच आणि हवाही तेव्हाच सगळ्यात वाईट. मग कुणीतरी झाकण उघडून पॉलिश पेपर मारतं. इंजिन सुरू होतं, पण पॉइंटचं तोंड सपाट राहत नाही, गॅप वाढतो आणि गॅप वाढला की टायमिंग पुढे सरकतं. उलट, पॉइंटच्या हाताची पुशरॉडला टेकणारी बाजू झिजली की गॅप कमी होतो आणि टायमिंग मागे पडतं. थोडक्यात, हवेला उघडा असलेला संपर्क ही इथली दुखरी जागा आहे. चांगली किट ती जागाच काढून टाकते आणि वाईट बसवणी तशाच चार नव्या जागा तयार करते.

खरेदीआधी एक खात्री मात्र करा. आता पंपावर ई-२० पेट्रोल मिळतं. त्यातलं इथेनॉल हवेतली ओल शोषतं आणि महिनाभर टाकीत पडलेलं पेट्रोल इंजिनाला जड जातं. पाणी जास्त झालं तर ते इथेनॉलसकट तळाशी बसतं आणि आधी कार्बोरेटरच्या वाटीत उतरतं. इंजिन सुरू न होण्याचं कारण तिथेही असू शकतं. वाटी उघडून पेट्रोल काचेच्या बरणीत ओता; तळाशी वेगळा थर दिसला तर इग्निशनला हात लावायच्या आधी टाकी रिकामी करा.

बॅटरीवाल्या इंजिनासाठी बाजारात दोन जातींचा माल मिळतो. पहिली जात पॉइंटवर चालणाऱ्या ट्रान्झिस्टर डबीची. यात पॉइंट तसेच राहतात, पण कॉइलचा करंट ट्रान्झिस्टर तोडतो आणि पॉइंट फक्त इशारा देतात. पॉइंट जळत नाहीत, कुठे छिद्र पाडावं लागत नाही, बसवणी तासाभराची. कोरड्या हवेच्या गावात हीच घ्या असं म्हटलं असतं. इथे अडचण अशी की काही डब्या पॉइंटमधून फार थोडा करंट घेतात. ऑक्साइडचा थर फोडायला थोडा जोराचा करंट लागतो. ४ अँपिअरमध्ये पॉइंट जळायचे, पण त्यांचं तोंड साफही राहायचं. काही मिलिअँपिअरमध्ये ते जळत नाहीत आणि साफही होत नाहीत. दमट हवेत महिनाभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरला अशी डबी पॉइंटपेक्षा जास्त छळते. हीच घ्यायची असेल तर पॉइंटच्या वायरमध्ये मीटर लावून बघा, २०० मिलिअँपिअरच्या आसपास करंट असला पाहिजे. आणि कंडेन्सर काढायला विसरू नका.

दुसरी जात सेन्सरची. पॉइंटच नाहीत, संपर्कच नाही. मुंबईसाठी कौल हिलाच. आता हिचा डबा उघडून पाहू.

डब्यात काय असतं, काय नसतं

या प्रकारच्या किटमध्ये साधारणपणे राळ भरलेलं मॉड्यूल, तीन वायरींचा सेन्सर, एक-दोन छोटी निओडिमियम चुंबकं, एल आकाराचा पत्र्याचा ब्रॅकेट आणि हातभर वायर येते. मॉड्यूलची पाठ ॲल्युमिनियमची हवी, प्लॅस्टिकची असेल तर परत करा. आतला इग्निशन ट्रान्झिस्टर बीयू९४१ सारख्या जातीचा असेल, तर चालू अवस्थेत त्याच्यावर दीड व्होल्टच्या आसपास व्होल्टेज अडतं. ४ अँपिअरला ती ६ वॉट उष्णता झाली. ती बाहेर पडायला धातूची वाट लागते.

सेन्सर दोन तऱ्हेचे येतात आणि फरक मोठा आहे. एक हॉल सेन्सर, बहुतेक वेळा ए३१४४. तो चुंबक ओळखतो, आणि तेही दक्षिण ध्रुव त्याच्या छापील बाजूसमोर आला तरच. चुंबक उलटा बसला तर स्पार्क शून्य, आणि पुष्कळ किट याच कारणाने ‘खराब’ म्हणून परत जातात. मूळ कंपनीने ए३१४४ बनवणं बंद केलेलं आहे. लॅमिंग्टन रोडवर मिळतो तो त्याच नावाचा इतरांचा माल. तो वाईटच असतो असं नाही, पण तापमानाची बाब विचारून घ्यावी. मूळ मालात ‘ई’ शेपटाचा सेन्सर ८५ अंश सेल्सिअसपर्यंतचा होता आणि ‘एल’ शेपटाचा १५० अंशांपर्यंतचा. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या अंगाला ८५ अंश काहीच नाहीत. गार असताना उत्तम चालणारं आणि अर्ध्या तासाने बंद पडून थंड झाल्यावरच पुन्हा सुरू होणारं इंजिन म्हणजे जवळजवळ नक्की ८५ अंशवाला सेन्सर.

दुसरी तऱ्हा इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी सेन्सरची, कारखान्यातल्या मशीनवर असतात तसा पितळी आट्यांचा. एलजे१२ए३ हा त्यातला सर्रास मिळणारा, दोन-तीनशे रुपयांचा. त्याला चुंबक लागत नाही, लोखंडी स्क्रूचं डोकं पुरतं. धूळ, तेल, गवताचा चोथा काही बाधत नाही. पण तो साधारण ७० अंशांपर्यंतच चालतो आणि दुसरं म्हणजे तो सुस्त आहे. मिनिटाला ३६०० फेऱ्यांवर एक अंश म्हणजे ४६ मायक्रोसेकंद. सेन्सरने इशारा द्यायला २०० मायक्रोसेकंद लावले की स्पार्क चार अंश उशिरा पडतो. उभ्या इंजिनावर २० अंश जुळवलं तर पूर्ण वेगात १६ अंश मिळतात आणि इंजिन तापतं, ताकद कमी पडते. पूर्ण वेगात २० जुळवलं तर सेल्फ मारताना जवळजवळ २४ अंश पडतात आणि इंजिन उलटा झटका देतं. सेल्फच्या गिअरचे दात अशानेच तुटतात. हॉल सेन्सरचा उशीर काही मायक्रोसेकंदांचाच, त्यामुळे त्याला ही डोकेदुखी नाही. १५० अंशांचा हॉल सेन्सर मिळत असेल तर तोच घ्या. प्रॉक्सिमिटीच गळ्यात पडला असेल तर पूर्ण वेगात १८ अंशांवर समाधान माना.

डब्यात नसलेल्या आणि लागणाऱ्या वस्तूंची यादी छोटी आहे, पण एकही टाळण्यासारखी नाही. अर्थसाठी २.५ चौरस मिमीची लवचिक वायर आणि तिच्या टोकांना तांब्याचे लग, दातेरी वॉशर, हीट सिंक पेस्ट, गोंदवाली हीट श्रिंक स्लीव्ह, ५ अँपिअरचा फ्यूज, व्होल्टेजचे झटके गिळणारा २४ व्होल्टचा टीव्हीएस डायोड (१.५केई२४ए चालतो) आणि रेझिस्टरवाला प्लग. इलेक्ट्रॉनिक सामान लॅमिंग्टन रोडवर, लग-वॉशर-स्क्रू आणि फ्लायव्हील पुलर नागदेवी स्ट्रीटला, वायर लोहार चाळीत. कॉइल जुनी असेल तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा कोणत्याही मोटार स्पेअरच्या दुकानात पेट्रोल गाडीची १२ व्होल्टची गोल कॉइल मिळेल. दुकानदाराच्या शब्दावर न जाता मीटर घेऊन जा. प्रायमरी, म्हणजे कॉइलच्या पॉझिटिव्ह-निगेटिव्ह टोकांमधला रोध, ३ ते ४ ओहम पाहिजे आणि मीटरच्या तारांचा स्वतःचा रोध आधी वजा करायचा. दीड ओहमची कॉइल करंट आवरणाऱ्या बॅलास्ट रेझिस्टरबरोबर चालायला बनवलेली असते. थेट १२ व्होल्टवर ती ८ अँपिअर ओढते आणि मॉड्यूल घेऊन जाते.

बसवण्याआधी टेबलावर दोन चाचण्या

मॉड्यूल, कॉइल, बॅटरी आणि स्पार्क टेस्टर टेबलावर जोडा. टेस्टरचा गॅप ४.२ मिमी ठेवा. आता चुंबक हातात धरून सेन्सरसमोर आणा आणि लांब न्या. स्पार्क चुंबक येताना पडतो की जाताना, हे बघा. येताना पडला तर ठीक.

जाताना पडत असेल तर त्याचा अर्थ असा की चुंबक समोर असतो तेवढाच वेळ कॉइल भरते. कॉइल नीट भरायला ३-४ मिलिसेकंद लागतात, आणि ३६०० फेऱ्यांवर ४ मिलिसेकंद म्हणजे ८६ अंशांचा फेरा. ५ मिमीचा चुंबक १०० मिमीच्या चकतीवर असेल तर तो सेन्सरसमोरून मिलिसेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात निघून जातो. टेबलावर निळाशार स्पार्क देणारी अशी किट ट्रॅक्टरवर रेस वाढवली की मरते. मॉड्यूल स्वतः वेळ मोजून कॉइल आधीपासून भरत असेल तर गोष्ट वेगळी, पण स्वस्त मालात ती अपेक्षा ठेवू नका.

दुसरी चाचणी जास्त महत्त्वाची. चुंबक लांब ठेवून चावी चालू करा आणि कॉइलच्या पॉझिटिव्ह वायरमध्ये मीटर १० अँपिअरच्या रेंजवर लावा. चांगलं मॉड्यूल स्पार्कचा इशारा न मिळाल्यास एक-दोन सेकंदांत कॉइलचा करंट बंद करतं. काटा ४ अँपिअरवरच राहिला तर हे मॉड्यूल चावी चालू राहिल्यावर कॉइल शिजवणार. पॉइंटवाल्या इंजिनातही ही भीती होती, पण तिथे इंजिन थांबताना पॉइंट उघडे राहण्याची शक्यता तरी असायची. इथे चुंबक नेमका सेन्सरसमोर थांबला तरच सुटका. मैदानावरचा माळी जेवायला जाताना चावी बंद करेलच याची हमी कुणी देऊ शकत नाही. करंट आपोआप बंद न करणारी किट घेऊ नका, भाव कितीही कमी असो.

चकती, चुंबक, टायमिंग

इथे लेथचं काम येतं. बऱ्याच किटच्या माहितीपत्रकात चुंबक फ्लायव्हीलच्या कडेला अराल्डाइटने चिकटवा असं लिहिलेलं असतं. करू नका. फ्लायव्हीलचा व्यास २४० मिमी धरला तर ३६०० फेऱ्यांवर कडेचा वेग सेकंदाला ४५ मीटर होतो आणि अर्ध्या ग्रॅमच्या चुंबकावर पाऊण किलोहून जास्त बाहेरची ओढ बसते. उष्णतेने गोंद मऊ पडला की चुंबक गोळीसारखा सुटतो. त्याऐवजी साकीनाक्याच्या कुठल्याही टर्नरकडून ६ मिमी जाडीची, १०० मिमी व्यासाची ॲल्युमिनियमची चकती करून घ्या आणि ती फ्लायव्हीलच्या जाळीच्या स्क्रूंवर किंवा शाफ्टच्या दुसऱ्या टोकाच्या पुलीवर, जागा असेल तिथे, बसवा. चुंबकाचं भोक चकतीच्या सपाट तोंडात, आरपार न जाणारं, केंद्रापासून ४२ मिमीवर. असं केलं की बाहेरची ओढ भोकाच्या भिंतीवर येते, गोंदाला फक्त चुंबक जागेवर धरायचा असतो. बरोबर समोरच्या बाजूला तेवढ्याच वजनाचा स्क्रू किंवा भोक ठेवून समतोल साधा. लोखंडी चकती नको, चुंबकाचं क्षेत्र ती खाऊन टाकते.

सेन्सर आणि चुंबकातलं अंतर १.५ ते २ मिमी. ब्रॅकेटला येणारी खाच फारच तोकडी असते. ४२ मिमी त्रिज्येवर एक अंश म्हणजे फक्त ०.७३ मिमी, त्यामुळे खाच गोल कानशीने १० मिमीपर्यंत वाढवून घ्या. दोन्ही बाजूंना सहा-सात अंशांची मोकळीक मिळते. ब्रॅकेटचा पत्रा २ मिमीपेक्षा पातळ असेल तर एका सिलिंडरच्या हादऱ्याने तो थरथरतो आणि दर स्पार्कला चमकणाऱ्या स्ट्रोब लाइटमध्ये फ्लायव्हीलची खूण नाचताना दिसते. ३ मिमीच्या पट्टीचा नवा करून घेतलेला बरा.

आधी उभ्या इंजिनावर अंदाज जुळवा. प्लग काढा, फ्लायव्हील फिरण्याच्या दिशेने हाताने फिरवून ‘एस’ची खूण खिडकीच्या रेघेवर आणा. खूण गंजून गेली असेल तर टीडीसी शोधून तिथून मोजा: २४० मिमी व्यासाला एक अंश म्हणजे २.१ मिमी, २० अंश म्हणजे परिघावर ४२ मिमी. टीडीसी डोळ्याने ठरवू नका, पिस्टन तिथे काही अंश स्थिरच वाटतो. प्लगच्या भोकातून पिस्टनला हळूच अडवेल असा बोल्ट-थांबा लावा, फ्लायव्हील एका दिशेने अडेपर्यंत फिरवून खूण करा, उलट दिशेने अडेपर्यंत फिरवून दुसरी खूण करा. दोन्हींचा मध्य तो टीडीसी. मग खूण पांढऱ्या रंगाने भरा, सेन्सर स्पार्क पाडेल अशा जागी ब्रॅकेट आवळा आणि इंजिन सुरू करून स्ट्रोब लाइटने पक्कं करा.

चकती क्रँकवर असल्यामुळे स्पार्क दर फेरीला पडतो. मूळ पॉइंट कॅमवरून चालायचे, म्हणजे दोन फेऱ्यांना एकदा. जादाचा स्पार्क एक्झॉस्टच्या शेवटी वाया जातो, त्याने इंजिनाचं काही बिघडत नाही, मात्र कॉइलचं काम दुप्पट होतं. अर्ध्या तासाने कॉइलवर हात टेकवत नसेल तर रोध पुन्हा मोजा. इनटेक व्हॉल्व्ह गळका असेल तर कार्बोरेटरमधून अधूनमधून फुसकी येते. ते दुखणं व्हॉल्व्हचं असतं.

वायरिंग: इथेच किट मरतात

मॉड्यूल हेडवर बसवू नका. फ्लायव्हीलच्या पंख्याची थंड हवा जिथे येते तिथल्या पत्र्यावर, सायलेन्सरपासून लांब, रंग खरवडून, पेस्ट लावून बसवा. त्याची अर्थ वायर ट्रॅक्टरच्या चॅसीला नाही, थेट इंजिनाच्या ब्लॉकला न्या आणि ब्लॉकपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत जाड वायर आहे का ते तपासा. जुन्या ट्रॅक्टरांमध्ये ही वायर गंजलेल्या बोल्टखाली अडकवलेली असते. सेल्फ मारत असताना मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी मॉड्यूलच्या पाठीवर ठेवा. ०.२ व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थ खराब. तसंच सेल्फ मारताना मॉड्यूलच्या पॉझिटिव्हवर ९.५ व्होल्टच्या खाली जाऊ नये. काही मॉड्यूल त्याखाली स्वतःला पुन्हा सुरू करत बसतात, सेल्फ फिरतो आणि स्पार्क नसतो. चावी सोडता सोडता इंजिनाने पेट घेतला तर हेच कारण समजा.

टीव्हीएस डायोड मॉड्यूलच्या पॉझिटिव्ह आणि अर्थमध्ये, पट्टीची बाजू पॉझिटिव्हला. पूर्ण वेगात बॅटरीवर १५ व्होल्टच्या वर जात असेल तर आधी रेग्युलेटर बदला. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कधीही काढू नका, आणि कापणीच्या डेकला वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरी सोडवा व मॉड्यूलचा प्लग काढा. जुन्या डेकला वेल्डिंग वारंवार लागतं आणि त्यात मॉड्यूल हमखास जातं.

सीटखालचा आणि ब्रेकचा सेफ्टी स्विच तोडून थेट वायर ओढण्याचा मोह होतो, कारण ते स्विचही गंजलेले असतात. नवे घाला, पण ठेवा. माणूस सीटवरून घसरला तर खाली फिरतं पातं आहे.

जोडांना पावसापासून जपण्यासाठी सिलिकॉन सीलंट वापरायचं असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारं घेऊ नका. त्यातलं ॲसिटिक ॲसिड तांबं खातं, आणि जोड बाहेरून चकचकीत, आतून हिरवा होतो. न्यूट्रल प्रकारचं मागा किंवा गोंदवाली स्लीव्ह पुरेशी आहे. प्लगच्या टोपीत सिलिकॉन ग्रीस भरा. प्लग रेझिस्टरवाला किंवा एचटी वायर (कॉइलपासून प्लगपर्यंतची) रेझिस्टरची, दोन्हींपैकी एक तरी हवंच. दोन्ही साधे ठेवले तर स्पार्कचा गोंगाट सेन्सरच्या वायरीत शिरतो आणि मॉड्यूल भलत्या वेळी स्पार्क पाडतं. सेन्सरच्या वायरी एचटी वायरीपासून वेगळ्या वाटेने न्या. कॉइलच्या निगेटिव्हवर जुना कंडेन्सर लटकत राहिला तर स्पार्क पिवळट आणि लुळा पडतो.

मॅग्नेटोवाल्यांसाठी थोडक्यात

ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनने १९८२ पासून पॉइंट सोडून मॅग्नेट्रॉन इग्निशन आणलं. त्याआधीच्या, दोन पायांच्या आर्मेचरच्या (कॉइलच्या त्या पत्र्याच्या गाभ्याच्या) इंजिनांसाठी त्यांचंच ३९४९७० क्रमांकाचं मॉड्यूल येतं. शिवाय दोन वायरींची सार्वत्रिक मॉड्यूलही मिळतात. यांना बॅटरी, चकती, टायमिंग काही लागत नाही. पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही सोडवायचे, मॉड्यूल कॉइलच्या प्रायमरीला जोडायचं, आर्मेचर आणि फ्लायव्हीलमधला गॅप ०.२५ ते ०.३५ मिमी ठेवायचा. जाड व्हिजिटिंग कार्ड मध्ये सरकवून स्क्रू आवळले की झालं. सार्वत्रिक मॉड्यूलने स्पार्क दिला नाही तर प्रायमरीच्या वायरी अदलाबदल करून बघा. पॉइंटच्या दांडीचं भोक बुजवायला विसरलात तर तिथून तेल फ्लायव्हीलखाली येतं. फ्लायव्हील काढलंच आहे तर ते शाफ्टवर जागेवर धरणारी ॲल्युमिनियमची चावी नवी घाला, अर्धवट कापलेली चावी टायमिंग पळवते. आणि फ्लायव्हील हातोड्याने नाही, पुलरने काढा.

दोन इशारे मात्र लक्षात ठेवा. मॅग्नेट्रॉनला स्पार्कसाठी मिनिटाला किमान ३५० फेऱ्या लागतात, म्हणून सेल्फ किंवा दोरीचा झटका सुस्त असेल तर पॉइंटवर सुरू होणारं इंजिन यावर होत नाही. दुसरं म्हणजे, मॅग्नेटोची स्टॉप वायर (इंजिन बंद करणारी) चावी बंद केल्यावर अर्थ होते. तिथे बॅटरीवाल्या इंजिनाची चावी बसवली तर स्टॉप वायरीत १२ व्होल्ट जातात आणि मॉड्यूल त्याच क्षणी जळतं. चावीच्या मागे ‘एम’ची पिन असेल तर ती मॅग्नेटोची, ‘आय’ची पिन असेल तर बॅटरीची.

दुकानात विचारायचे प्रश्न मग तीनच उरतात: सेन्सर किती अंशांचा, चावी चालू राहिली तर करंट स्वतःहून बंद होतो का, आणि स्पार्क चुंबक येताना पडतो की जाताना. तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली तर बिल घ्या. काढलेले पॉइंट आणि कंडेन्सर फेकू नका. तेल लावून प्लॅस्टिकच्या पिशवीत, पुशरॉडसकट, टूलबॉक्समध्ये ठेवा. ऐन ऑगस्टमध्ये मॉड्यूल गेलं तर नवं येईपर्यंत त्यांच्यावर मैदान कापून होतं.